घोड्याच्या रांगेतलं प्यादं

आमच्या घरातला बुद्धिबळाचा पट कापडाचा होता. मरून रंगाचं जाड कापड, त्यावर आईनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पांढऱ्या दोऱ्यानं भरलेली चौसष्ट घरं. काळी-पांढरी घरं नव्हती, सगळी एकाच रंगाची. सोंगट्या लाखेच्या, अर्ध्या तांबड्या, अर्ध्या हिरव्या. ठाण्याचं घर आवरताना सामानाच्या वजनावरून आई आणि पप्पांची जुंपली होती. शेवटी आईची तांब्याची घागर मामाकडे राहिली आणि पट आमच्याबरोबर इस्राएलला आला. हे आई विसरली नाही. हैफात नळाला पाणी कमी आलं की ती पटाकडे बघून म्हणायची, "आता यात भर पाणी." पप्पा पट झटकून पसरायचे आणि ऐकलंच नाही असं दाखवायचे.

आमचं घर डोंगराच्या उतारावरच्या सरकारी चाळवजा इमारतीत होतं, दोन खोल्यांचं. खाली बंदर दिसायचं. दिवसभर बोटींचे भोंगे आणि पिठाच्या गिरणीची घरघर वर यायची. पप्पा त्याच गिरणीत पोती मोजून गाडीवर चढवायला उभे असत. मुंबईत ते तारखात्यात होते, स्वच्छ कॉलरचं काम, हाताखाली दोन माणसं. इथं त्यांना हिब्रू येईना. शिकवणीच्या वर्गात ते तीन आठवडे गेले आणि आपल्या निम्म्या वयाच्या बाईनं फळ्यापाशी उभं केलं म्हणून परत गेले नाहीत. खरं सांगायचं तर या देशात आल्यापासून पप्पांचं सगळंच चुकत होतं. उन्हाळ्यात कोट घालून बाहेर पडले की लोक हसत. दुकानात रांग धरून सभ्यपणे उभे राहिले की मागचे पुढे जात. यहुद्यांच्या सभागृहात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, प्रार्थनेची चालसुद्धा वेगळी होती. पप्पा ठाण्याच्या चालीत मोठ्यानं सुरू करायचे आणि दोन ओळींनंतर एकटेच पडायचे. मला हे बघवत नसे. शरम वाटायची आणि शरम वाटली म्हणून स्वतःचाच राग यायचा.

पटावर मात्र ते चुकत नसत. जेवण झालं, आईनं पतिलिया, म्हणजे ती केरोसीनची वातीची शेगडी, विझवली की पप्पा पट पसरत आणि माझ्याशी एक डाव खेळत. ते सारखं बोलत खेळायचे. "दिना, हत्तीच्या रांगेतलं प्यादं धर गो, ते कामाचं. घोड्याचं सोड. घोडा घेऊन काय करणार, एकट्या घोड्यानं राजा मरतो काय?" कारण आमच्या घरात कायदा असा होता की प्यादं सरकत सरकत शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या रांगेतून ते गेलं तेच मोहरं ते होतं. हत्तीच्या रांगेतलं हत्ती, घोड्याच्या रांगेतलं घोडा, उंटाच्या रांगेतलं उंट. मधल्या दोन रांगांमधली तेवढी वजीर व्हायची. पप्पांना त्यांच्या वडिलांनी असंच शिकवलं होतं, पप्पांनी मला असंच शिकवलं, आणि मी आयुष्यात त्यांच्याशिवाय कोणाशी खेळले नव्हते. चांगल्या घरातल्या मुली नाक्यावर बसून बुद्धिबळ खेळत नसत.

मला नोकरी लागली ती माझ्या बोटांमुळे. मुंबईत मी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि वेग इतका होता की क्लासचे सर घड्याळ पुन्हा तपासायचे. (हे मी नातवंडांना इतक्यांदा सांगितलंय की आता ती माझ्या आधी वाक्य पुरं करतात.) डोंगरावरच्या एका तांत्रिक संस्थेत नवं गणितयंत्र आलं होतं, कॉम्प्युटर म्हणतात ते, आणि त्याला खाऊ घालायला कागदी फितीवर भोकं पाडणाऱ्या मुली हव्या होत्या. टेलिप्रिंटरसारख्या यंत्रावर टाईप करायचं, की खटाखटा भोकं पडत फीत बाहेर येते. चूक झाली तर कात्री, डिंक आणि पुन्हा. त्या खोलीतला खडखडाट मला पहिल्या दिवसापासून आवडला. बसमधून वर जाताना मी कोणाच्याही शेजारी बेधडक बसायचे, कारण मला ठाऊक होतं की तिथं पोचल्यावर माझ्याइतकं चोख काम कोणाचंच नसणार. नोकरी मात्र तात्पुरती होती. दर सहा महिन्यांनी कागद पुन्हा करायचा.

ज्यांच्या हाताखाली मी होते ते डॉक्टर हाल्पर्न गणिताचे होते. बारीक, केस विस्कटलेले, खिशात नेहमी अर्धं खाल्लेलं सफरचंद. हिब्रूत 'अहो' नाही, सगळ्यांना एकेरीच. त्यांना 'तू' म्हणताना माझी जीभ अडखळायची, म्हणून मी मनातल्या मनात 'अहो' लावून घ्यायचे. डॉक्टरांना यंत्राला बुद्धिबळ शिकवायचं होतं. अख्खा डाव नव्हे, तेवढी जागा त्या यंत्राच्या डोक्यात नव्हती. फक्त शेवट. सगळी मोहरी मेली आहेत, दोन राजे उरलेत आणि एखाददुसरं प्यादं. आता हा डाव जिंकलेला आहे की बरोबरीचा, हे यंत्रानं नुसतं पटाकडे बघून सांगायचं.

सांगायचं कसं, तर गुण देऊन. प्यादं शेवटच्या घरापासून किती लांब आहे, त्याचे काही गुण. आपला राजा त्याच्या पुढे आहे की मागे, त्याचे काही. शत्रूचा राजा त्याला गाठू शकतो का, दोन राजे समोरासमोर आले तर चाल कोणाची, प्यादं कुठल्या रांगेत आहे, प्रत्येकाचे काही. सगळ्यांची बेरीज मोठी आली की जिंकला. पण कशाला किती गुण द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवलंच नव्हतं, ते यंत्रानं स्वतः शोधायचं होतं. एखाद्या जाणकार खेळाडूनं निकाल लावलेले साठ डाव त्याला द्यायचे. ते आधी आपल्या हिशेबानं निकाल काढणार, जाणकाराचा निकाल वेगळा निघाला की गुण थोडे वाढवणार, थोडे कमी करणार, पुन्हा बघणार. आई रश्शात मीठ घालून चाखते आणि पुन्हा चिमूटभर घालते, तसंच. फरक इतकाच की ते शेकडो वेळा चाखत होतं.

साठ डाव डॉक्टरांनी कागदावर आखले होते. निकाल मात्र ते स्वतः लावायला तयार नव्हते. "शिकवणाऱ्यानंच पेपर तपासला तर मुलाला काय येतं ते कसं कळणार?" असं म्हणायचे. प्रोग्राम लिहिणारा योराम, फौजेतून नुकताच सुटलेला गोरा तरुण, त्यालाही त्यांनी हात लावू दिला नाही. बाहेरचा माणूस हवा होता. मी फीत गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "माझे वडील खेळतात. त्यांच्याइतका चांगला खेळाडू मी पाहिलेला नाही." हे शंभर टक्के खरं होतं, मी दुसरा पाहिलाच नव्हता. डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिले आणि वर एकच सूचना: फक्त जिंकला किंवा बरोबरी, कारणं लिहायची नाहीत.

पप्पांना इतकं खूश मी हैफात आल्यापासून पाहिलं नव्हतं. गिरणीतून येऊन हातपाय धुवायचे, स्वच्छ सदरा घालायचे आणि ऑफिसला बसल्यासारखे पटाशी बसायचे. "टाईम लागला तरी चालेल, पण कंप्लेंट नको," म्हणायचे. शनिवारची दुपार तर मोकळीच. पण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आमच्यात लिहिता येत नाही, म्हणून निकाल लक्षात ठेवायचं काम आईकडे आलं. आईला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती शुक्रवारचा मासा खायला घेऊन बसायची, सुक्या खोबऱ्याचा कीस गरम पाण्यात भिजवून काढलेल्या दुधातला, कारण ओला नारळ तिथं बघायला मिळत नसे, आणि पप्पा सांगतील ते पाढ्यांच्या चालीत पाठ करायची: एकाला जिंकला, दोनाला जिंकला, तिनाला बरोबरी. आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ संपला की ती घडाघडा म्हणायची आणि मी लिहायचे. चार शनिवारांत साठही डाव झाले. शेजारची रुमानियन बाई माशाच्या वासाची तक्रार घेऊन आली, तेव्हा आई पाढा म्हणत होती. बाईला वाटलं प्रार्थना चाललीय, ती गुपचूप परत गेली.

मी फीत केली, एकही डिंकाचा जोड नाही. यंत्रानं दोन आठवडे चाखून चाखून आपले गुण ठरवले. मग संस्थेतली तीन मोठी माणसं बघायला आली, यंत्राचा वेळ या कामाला पुढे द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात होतं. मी भिंतीपाशी उभी होते. डॉक्टरांनी टेबलावर डाव मांडला. यंत्राकडे राजा आणि दोन प्यादी, एक कडेच्या हत्तीच्या रांगेत, एक शेजारच्या घोड्याच्या रांगेत. समोर एकटा राजा. जिंकणं अगदी सोपं. प्रत्येक चालीनंतरच्या पटाला गुण देऊन यंत्र सगळ्यात जास्त गुणांची चाल छापायचं, योराम ती पटावर करायचा. पहिली चाल, कडेचं प्यादं पुढे. दुसरी, तेच पुढे. शत्रूचा राजा घोड्याच्या रांगेतल्या प्याद्यावर चालून आला आणि यंत्रानं त्याच्याकडे बघितलंदेखील नाही. ते मेलं. यंत्र कडेचं प्यादं घेऊन धावत राहिलं, मग शत्रूचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला आणि डाव बरोबरीत गेला. पाहुण्यांपैकी एक हसला. म्हणाला, माझा आठ वर्षांचा मुलगासुद्धा ते प्यादं असं टाकणार नाही.

मी हसले नाही. तो हात मी ओळखला होता. घोड्याचं सोड, हत्तीचं धर. ती निर्धास्त चाल, ते मेलेल्या प्याद्याकडे ढुंकूनही न बघणं. यंत्र पप्पांसारखं खेळत होतं. माझी खात्री होती की ते बरोबर खेळलं, आणि खोलीतल्या एकूण एक माणसाला ते वेडपट वाटत होतं. म्हणजे या सगळ्यांचा खेळ वेगळा होता. हे समजायला मला पाहुण्यांचा चहा होईपर्यंतचा वेळ लागला.

पाहुणे आठ दिवसांची मुदत देऊन गेले. डॉक्टर योरामवर चिडले, योराम म्हणाला की माझा प्रोग्राम ठीक आहे, फीतच चुकली असेल, आणि माझ्याकडे बघितलं. फीत चुकली म्हटल्यावर माझं डोकं तापलं. खरं सांगितलं तर पुढच्या सहा महिन्यांचा कागद होणार नाही हे दिसत होतं. पण माझ्या फितीला नाव ठेवलेलं मी ऐकून घेणार नव्हते, आणि योरामवर खोटा आळ राहू देणं हेही मला जमण्यातलं नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं, "घोड्याच्या रांगेतलं प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचं काय होतं?"

"वजीर," डॉक्टर म्हणाले. "दुसरं काय होणार?"

"आमच्याकडे घोडा होतो. उंटाच्या रांगेतलं उंट होतं. फीत बरोबर आहे, योरामचंही बरोबर आहे. निकाल आमच्या कायद्यानं लावलेत. चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं."

डॉक्टरांनी खिशातलं सफरचंद काढून टेबलावर ठेवलं, यंत्रानं छापलेला गुणांचा कागद ओढला आणि रांगांच्या गुणांवरून बोट फिरवलं. कडेच्या रांगा, भरपूर. घोड्याच्या, जवळजवळ शून्य. उंटाच्या, जवळजवळ शून्य. मधल्या दोन, भरपूर. मी मनात बसच्या पासाचे किती दिवस उरलेत ते मोजायला लागले होते.

"याला हा कायदा कोणी सांगितला होता?" त्यांनी योरामला विचारलं.

"कोणीच नाही. त्याला फक्त निकाल दिले होते."

"आणि नुसत्या निकालांवरून यानं तो शोधून काढला," डॉक्टर म्हणाले. "शिकतंय ते, योराम. जे शिकवलं ते नेमकं शिकलंय." मग त्यांनी साठही कागद मागवले, आपले आणि आमचे कायदे माझ्याशी एकेक करून ताडून पाहिले आणि दोन दिवस दार लावून पप्पांच्या कायद्यानं स्वतः सोडवले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "एकही चूक नाही. साठात एक नाही. तुझ्या वडिलांना सांग, मला हेच डाव आमच्या कायद्यानं हवेत, रविवारपर्यंत. दुसऱ्या कोणाकडून मी घेणार नाही."

योरामनं त्या दिवशी मला चहा आणून दिला. माफी मागितली नाही, पण साखर दोन चमचे घातली होती.

आता माझा नातू फोनवर बुद्धिबळ खेळतो. पटाच्या कडेला एक पट्टी असते, ती क्षणोक्षणी सांगते कोण किती वर आहे. मी मराठीत विचारते, हे कोणी ठरवलं? तो हिब्रूत उत्तर देतो, "सावता," म्हणजे आजी, "त्याला माहीत असतं." यंत्राला काय माहीत असतं आणि ते कोणाकडून आलेलं असतं, हे मी एकदा जवळून पाहिलंय.

तेव्हा डॉक्टरांपुढे बोलायला मला भीती वाटली नव्हती. खरी भीती घरी होती. दुकानात चुकलेला, सभागृहात चुकलेला, फळ्यापाशी चुकलेला माझा बाप, त्याला आता पटावरही चुकलात म्हणून मी सांगायचं. आणि नाही सांगितलं तर रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, कामावर रिकाम्या हातानं जायचं. बसमधून उतरून मी घरापर्यंतच्या पायऱ्या इतक्या हळू चढले की खालच्या मजल्यावरच्या बाईनं बरं नाही का म्हणून विचारलं.

पप्पांनी सदरा बदललेला होता. "काय म्हणाला तुजा डॉक्टर?"

"साठात एकही चूक नाही म्हणाले."

त्यांनी आईकडे बघितलं. आईनं बघितलं नाही असं दाखवलं, पण पोळी लाटायची थांबली. मग मी एका दमात सगळं सांगितलं. जगात सगळीकडे प्यादं कुठल्याही रांगेतून पोचलं तरी वजीर होतं. यंत्राला तसंच शिकवायचंय. आपला कायदा तिथं चालत नाही.

पप्पा पटाची एक सुरकुती तळहातानं सरळ करत राहिले. खालून गिरणीची घरघर येत होती.

"अजून एक आहे," मी म्हणाले. "पहिल्या चालीला प्यादं दोन घरं जाऊ शकतं."

"का? घाई कसली हाय त्याला?"

आई फिसकन हसली. पप्पा हसले नाहीत. त्यांनी घोड्याच्या रांगेतलं प्यादं उचललं, बोटांत फिरवलं.

"कुठलंबी प्यादं?"

"कुठलंही, पप्पा."

"कुठल्या रांगेतून निघालं ते कोण विचारत नाय?"

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या ऑफिसच्या चपलांकडे, डिंकानं खरखरीत झालेल्या बोटांकडे. मला एकदम रडू यायला लागलं आणि मी ते आवरलंही नाही.

"चांगला रूल हाय," पप्पा म्हणाले. "मला कोणतरी आधी सांगायला पायजे होता." मग त्यांनी बाह्या वर केल्या. "रडतेस काय? कागद काढ. एकापासून मांड. रविवार म्हणजे टाईम कुठं हाय?"

मी पहिला डाव मांडला. आई पोळ्या टाकता टाकता जुने निकाल म्हणायला लागली. पप्पा तिचा निकाल ऐकायचे, डाव नव्यानं खेळून बघायचे आणि मला सांगायचे. एकाला जिंकला, तो तसाच राहिला. दोनालाही तसाच.

"तिनाला बरोबरी," आई म्हणाली.

तिसऱ्यात प्यादं घोड्याच्या रांगेत होतं. पप्पांनी ते एकेक घर पुढे नेलं, शेवटच्या घरात पोचवलं आणि उचललं. हात सवयीनं मेलेल्या सोंगट्यांतल्या घोड्याकडे गेला. त्यांनी घोडा उचलला, पाहिला, परत खाली ठेवला. मग तांबडा वजीर घेतला, त्या घरात ठेवला आणि नीट मधोमध सरकवला.

"लिही," ते म्हणाले. "जिंकला."